पंचवीस मीटरवरचा ठिपका

आमच्या वडिलांचं नारायण पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे वाड्याच्या जिन्याखालची खोली. आत एक लांब फळी, फळीवर सोल्डरिंग आयर्न, मीटर, व्हॉल्व्हचे खोके आणि पाठ उघडी टाकलेले दोन-चार सेट. शाळेतून आलो की मी तिथंच बसायचो. डायलची दोरी तुटली की नवी ओवायचं काम माझ्याकडे असे, कारण माझी बोटं बारीक होती. दोरीला चाकांवरून नीट वेढे देऊन काटा तिच्यात अडकवायचा आणि तो काचेमागे न अडखळता सरकतोय ना, ते बघायचं.

त्या काचांवर मला कायम एक खूण दिसे. कुणी नेलपॉलिशचा ठिपका दिलेला, कुणी कुंकू बोटावर घेऊन टेकवलेलं, एका सेटवर तर टिकलीच चिकटवलेली होती. सेट मर्फीचा असो, बुशचा असो की फिलिप्सचा, खूण एकाच जागी. शॉर्टवेव्हच्या पट्टीवर, पंचवीस मीटरच्या आकड्याजवळ. वडील काच पुसताना तेवढी जागा सोडून पुसत.

पुणे केंद्राला खुणेची गरज नव्हती. ते मीडियम वेव्हवर होतं, जवळ होतं, काटा आसपास नेला तरी खणखणीत लागे. ज्याच्यासाठी ती खूण होती त्या रेडिओ सिलोनचं तसं नव्हतं. बटण केसभर जास्त फिरलं की दुसरंच कुठलं तरी केंद्र बोलू लागे. लागलं तरी आवाज स्थिर नसे. गाणं जवळ येई, मग विहिरीत उतरल्यासारखं खोल जाई, पुन्हा वर येई. एवढी यातायात करून लोक ते ऐकत होते, आणि घरचं स्वच्छ लागणारं केंद्र सोडून ऐकत होते. वडिलांनी दुकान सुरू केलं तेव्हाच ही खूण घराघरांत पडलेली होती. ती कशी पडली हे त्यांनी मला पुष्कळदा सांगितलं आणि पुढे मी ते वाचूनही काढलं.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीतं दिवसेंदिवस सवंग होत चालली आहेत आणि सरकारी रेडिओने ती लोकांच्या कानावर घालू नयेत, असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरच्या कार्यक्रमांत चित्रपटगीतांचा वाटा दहा टक्क्यांवर आणला गेला. वाजवायची गाणीही आधी तपासली जाऊ लागली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे त्याची फुकट जाहिरात, म्हणून तेही बंद झालं, नुसतं गायकाचं नाव सांगायचं. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळपास नाहीसं झालं.

केसकरांना नुसता खलनायक ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, १९५२ साली सुरू झाला. आकाशवाणीचा वाद्यवृंद त्यांच्याच काळातला. रेडिओ संगीत संमेलनं १९५४ पासून भरू लागली. संस्थानं विलीन झाल्यावर किती गवयांची आणि बीनकारांची चूल आकाशवाणीच्या मानधनावर पेटली, ते संगीतातल्या जुन्या माणसांना विचारावं. त्यांचं संगीतावरचं प्रेम खरं होतं. पण आपण काय वाजवायचं एवढाच विचार त्यांनी केला. ज्याला ते नको आहे तो श्रोता काय करील, हा प्रश्न राहून गेला. आकाशवाणी सोडली तर देशात दुसरा रेडिओच नव्हता, तेव्हा तो जाईल कुठे, असं वाटलं असणार.

तो कोलंबोला गेला.

दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये शंभर किलोवॅटचा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभा केलेला होता. युद्ध संपलं, सैन्य गेलं आणि १९४९ साली ही यंत्रणा सिलोन सरकारच्या हाती आली. १९५० मध्ये रेडिओ सिलोनने जाहिराती घेणारी व्यापारी सेवा सुरू केली. क्लिफर्ड डॉड नावाचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ ती सांभाळायला आले होते. सगळा भारतीय उपखंड ज्याच्या टप्प्यात येतो असा प्रक्षेपक त्यांच्या हाताशी होता. अशा वेळी शेजारच्या सर्वांत मोठ्या रेडिओने आपला सर्वांत लोकप्रिय माल स्वतःहून दुकानातून काढून टाकला. सिलोनला त्यासाठी काहीच करावं लागलं नाही.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या रात्री ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अर्धा तास, सात गाणी आणि श्रोत्यांसाठी शंभर रुपयांचं बक्षीस. निवेदक अमीन सयानी, वय एकोणीस, आठवड्याचं मानधन पंचवीस रुपये. चाळीस-पन्नास पत्रं येतील असा अंदाज होता, पहिल्या कार्यक्रमाला ९,००० आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत पोचला आणि पत्रं तपासणंच अशक्य झालं. मग स्पर्धा बंद करून रेकॉर्डच्या खपावरून गाण्यांना क्रम द्यायची पद्धत आली. ‘पायदान’ हा शब्द घराघरांत गेला तो तिथून.

मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. गीतमाला कोलंबोत तयार होत नव्हती. ती मुंबईत ध्वनिमुद्रित होत होती. टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आकाशातून परत आपल्याकडे यायची. गाणी आपली, गायक आपले, निवेदक मुंबईचा, जाहिरातीचा पैसा इथल्याच बाजारातला, ऐकणारेही आपणच. सिलोनचा होता तो फक्त प्रक्षेपक. रेडिओचं लायसन्स मात्र लोक दरवर्षी पोस्टात पैसे भरून आपल्या सरकारकडून घेत होते. वडील म्हणायचे, “गिऱ्हाइकाला सेट दुरुस्त झालाय हे पटवायचं तर सिलोन लावून दाखवावं लागायचं. पुणं लागलं तर म्हणायचे, ते काय, ते लागतंच.”

नवा सेट घेणारा माणूस आधी विचारायचा, शॉर्टवेव्ह आहे ना? नसेल तर सेट कितीही स्वस्त असला तरी परत जायचा. दिल्लीत कार्यक्रमांचं धोरण बदललं आणि त्याचा परिणाम नारायण पेठेत कुठला रेडिओ खपतो इथवर येऊन पोचला.

मात्र त्याच वर्षांत पुण्यात जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. चित्रपटगीतांची जागा भरायला आकाशवाणीला स्वतःचं सुगम संगीत हवंच होतं, त्यासाठी कवी आणि संगीतकार बोलावले जात होते. सीताकांत लाड तेव्हा पुणे केंद्रावर होते. आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांना त्यांनी वर्षभर चालेल असं काहीतरी लिहायचा आग्रह धरला. सुधीर फडके यांनी चाली दिल्या आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी, ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन्न गीतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आणि स्वतः फडके अशा अनेकांचे आवाज.

गदिमा आणि बाबूजी ही दोन्ही चित्रपटातली माणसं. ज्या चित्रपटगीताला दारातून बाहेर काढलं होतं, त्याच गीतात हात घडलेले दोन कलावंत आकाशवाणीच्या स्टुडिओत बसून काम करत होते. आणि ते जे करत होते ते कोलंबोला करता येण्यासारखं नव्हतं. शंभर किलोवॅटच्या प्रक्षेपकालाही मराठी येत नव्हतं.

त्या वर्षी शुक्रवारी सकाळी वडील दुकान लवकर उघडायचे, कारण आदल्या संध्याकाळी लोक बिघडलेले सेट घेऊन धावत यायचे आणि उद्या सकाळच्या आत हवा म्हणायचे. वाड्यातल्या ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता त्या बायका दुकानासमोर उभ्या राहून ऐकायच्या. काही घरांत सेटला हार घालून उदबत्ती लावत. बुधवारी रात्री पंचवीस मीटरवर जाणारा काटा शुक्रवारी सकाळी आपणहून पुण्यावर येत होता. कुणीही कुणावर बंदी घातली नव्हती.

दिल्लीला मात्र बुधवारचाच घोर लागला होता. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मांनी ती घडवली. ज्या गाण्यांना पाच वर्षांपूर्वी दार बंद केलं होतं, त्यांच्यासाठी आता स्वतंत्र दालनच उघडलं. आणि सिलोन जिथे ऐकू येत होतं तिथेच जाऊन पोचायचं म्हणून ही सेवाही मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरून निघाली. हवामहल, जयमाला, पुढे छायागीत, सगळं उत्तम होतं. मी स्वतः विविध भारतीवर वाढलो आणि तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण पाच वर्षांत लोकांना बुधवारी रात्री आठ वाजता कुठे जायचं ते पाठ झालं होतं. सयानींचा आवाज घरातल्या माणसाचा झाला होता.

जाहिरातींचं तर आणखी दहा वर्षं अडलं. सरकारी रेडिओने साबण-टूथपेस्ट विकावी का, यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. गाण्यांच्या मध्ये एकदम जाहिरात वाजली तेव्हा वडिलांनी हातातलं काम थांबवून कान दिला होता. “आता सिलोनचा पैसा इकडे येणार,” ते म्हणाले. येऊ लागलाही. आता जाहिरातदाराला आपल्या शहरातल्या, स्वच्छ लागणाऱ्या केंद्रावर जागा मिळत होती. सिलोनचं खरं नुकसान झालं ते या दिवसापासून, १९५७ पासून नव्हे, असं माझं मत आहे. तरीही गीतमाला विविध भारतीवर यायला १९८९ साल उजाडलं. तोवर बिनाकाची सिबाका झाली होती आणि गाणी ऐकायला घरोघरी कॅसेट आल्या होत्या.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं, कारण पुण्या-मुंबईत आता एफएमची इतकी केंद्रं आहेत आणि काटा कुठेही नेला तरी साधारण तेच ऐकू येतं. एकाने नवी हिंदी गाणी लावली की सगळे ती लावतात. एकाने जुन्या गाण्यांवर जम बसवला की बाकीचे संध्याकाळचा तास जुन्या गाण्यांना देतात. त्यांची अडचण मला कळते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे गाणी आणि गप्पा एवढंच भांडवल उरतं, आणि परवान्याची रक्कम भरून बसलेल्या माणसाला धोका पत्करणं जड जातं. शेजारच्याने वाट बदलली की आपला श्रोता तिकडे जाईल, म्हणून आपणही तिकडेच जायचं. पण शेजाऱ्याच्या जागी जाऊन उभं राहिल्याने गेलेला श्रोता परत येतो का, याचं उत्तर दहा वर्षं खर्चून विविध भारतीने शोधलं आहे. आणि स्वतःच्या भाषेतलं, स्वतःच्या गावातलं, दुसऱ्याला जमणार नाही असं काही केलं तर तो किती लवकर येतो, ते पुणे केंद्राने एका शुक्रवारी दाखवलं. आज मराठी शहरांतल्या एफएमवर मराठी गाण्याला मिळणारी जागा पाहिली की मला वाईट वाटतं. तिथे एवढी मोठी जागा मोकळी पडली आहे आणि कुणी तिकडे वळत नाही.

जाहिराती सुरू झाल्या त्या हिवाळ्यात दुकानात बरेच सेट आले. विविध भारती आणखी स्पष्ट लागावी म्हणून मीडियम वेव्हचं जुळवून घ्यायला लोक येत होते. शेजारच्या वाड्यातल्या एक आजी आपला जुना मर्फी नातवाच्या डोक्यावर देऊन घेऊन आल्या. डायलची दोरी झिजली होती. मी नवी ओवली, काटा बसवला आणि काच चकचकीत करावी म्हणून ओल्या फडक्याने पुसायला घेतली. आजी पुढे वाकल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“तेवढं कुंकू राहू दे रे बाळा,” त्या म्हणाल्या. “पुसलंस तर मला पुन्हा सापडायचं नाही.”