बिनपगारी, म्हणून बिनधोक?

खासदार-आमदाराने परक्या सरकारचे सल्लागारपद घेतले तर त्यात ओरडण्यासारखे काही नाही, असे मत एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच मांडले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: ज्ञानाला सीमा नसते, हे पद बिनपगारी असते, सगळे उघडपणे चालते, अशा ओळखींचा देशालाच फायदा होतो, आणि ज्याला पटत नसेल त्याने पुढच्या निवडणुकीत पाडावे. एवढे सांगून झाल्यावर न पटणाऱ्यांना त्यांनी कूपमंडूक म्हटले आहे. तेव्हा विहिरीतूनच चार शब्द बोलतो.

ज्ञानाला सीमा नसते, कबूल. मतदारसंघाला असते. निवडणुकीत पाडा म्हणावे, तर मतदाराची पाळी पाच वर्षांनी येते. परक्या सरकारचा फोन रोज येऊ शकतो. टोनी अ‍ॅबट यांचा दाखलाही गृहस्थांनी मोठ्या झोकात दिला आहे. ऑस्ट्रेलियाचे हे माजी पंतप्रधान २०२० मध्ये ब्रिटनच्या व्यापार मंडळाचे सल्लागार झाले, हे खरे. पण २०१९ च्या निवडणुकीत ते स्वतःची जागा हरले होते, हेही खरे. आजी आणि माजी यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याने इतरांची दृष्टी तपासू नये.

आता त्यांचा हुकमी एक्का: ‘एक पैसाही घेत नाहीत हो!’ हे वाक्य ऐकले की आपल्याकडे माणसे हात जोडतात. पैसा घेतला नाही म्हणजे पाप नाही, हा हिशेब मुळात कारकुनी आहे आणि आपल्याच कायद्याने तो कधीच खोडला आहे. २००६ साली जया बच्चन यांची राज्यसभेची जागा गेली. कारण काय, तर त्या उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या. आपण मानधन घेतलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, की घेतले की नाही हा प्रश्नच नाही. त्या पदातून लाभ मिळू शकत होता की नाही, एवढेच पाहायचे. त्याच वर्षी राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या अध्यक्षपदावरून गदारोळ झाला आणि सोनिया गांधींनी खासदारकीचा राजीनामा देऊन रायबरेलीतून पुन्हा निवडणूक लढवली. ते पदही सल्ल्याचेच होते, आणि सल्ला मागणारे सरकारही आपलेच होते.

गंमत पुढेच आहे. संविधानाच्या अनुच्छेद १०२ मधले लाभाचे पद म्हणजे भारत सरकारच्या किंवा एखाद्या राज्य सरकारच्या अधीन असलेले पद. परक्या सरकारचे पद त्या शब्दांत बसत नाही. ‘परकीय राज्याशी निष्ठा’ हा अपात्रतेचा वेगळा मुद्दा तिथे आहे. पण सल्लागार म्हणणार, मी निष्ठेची शपथ कुठे घेतली, नुसता सल्ला देतो! म्हणजे लखनौच्या चित्रपट परिषदेवर बसलात तर खासदारकी जाते, आणि एखाद्या परक्या राजधानीतल्या गुंतवणूक परिषदेवर बसलात तर सत्कार होतो. परकीय योगदानाच्या २०१० च्या कायद्याची तऱ्हाही तीच. त्याच्या कलम ६ प्रमाणे परदेशी आदरातिथ्य घ्यायला खासदार-आमदाराला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. परदेशी देणगी तर त्यांना बंदच आहे; पण कलम ४ मध्ये पगार आणि मोबदल्याला सूट आहे. जेवणाला परवानगी हवी, पगाराला नको!

आणि पद खरोखरच बिनपगारी असले तरी काय? अनुच्छेद १८ काढून पाहावा. राज्याच्या अधीन लाभाचे किंवा विश्वासाचे पद असणाऱ्याने राष्ट्रपतींच्या संमतीवाचून परकीय राज्याकडून भेट, वित्तलब्धी ‘किंवा पद’ घेऊ नये, असे तिथे आहे. साधा खासदार त्यात येतो का, यावर वकील मंडळींनी खुशाल भांडावे. माझा मुद्दा एवढाच, की घटनाकारांनी पैसा आणि पद वेगवेगळे मोजले. पगाराने माणूस विकत मिळतो, पदाने तो उपकृत होतो. आणि उपकृत माणसाला पावती द्यावी लागत नाही.

आमदारांच्या परदेशी अभ्यासदौऱ्यांचा वाद आठवतो. तेव्हाही याच सुरात सांगितले गेले होते, की दृष्टी विशाल होते. दृष्टी किती विशाल झाली ते अहवालांत शोधावे लागेल. अहवाल कुठे आहेत, तेही शोधावे लागेल. पण निदान त्या दौऱ्यांचा खर्च आपला होता आणि माणसेही आपलीच होती.

ओळखींचा फायदा होतो, यात शंका नाही. फक्त कुणाला, ते विचारावे. आर्काटच्या नवाबाचा लंडनमधला हस्तक जेम्स मॅकफर्सन १७८० पासून ब्रिटिश संसदेत बसत होता; त्या ओळखीचा फायदा कॅमलफर्ड या त्याच्या मतदारसंघाला झाला, असे कुणी म्हटलेले नाही. अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष राहिलेले बॉब मेनेंडेझ यांना २०२५ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली. ‘ती लाच होती,’ असे आमचे गृहस्थ म्हणतील. होतीच. पण लोकप्रतिनिधीने इजिप्तचा हस्तक होण्याचा कट हा लाचेपलीकडचा स्वतंत्र गुन्हा होता, आणि तोही शाबीत झाला. राहिला उघडपणा. चूक उघड केली की ती फक्त जाहीर होते.

मग लोकप्रतिनिधीने जगाशी बोलूच नये का? जरूर बोलावे. सभागृहात बोलावे, संसदीय शिष्टमंडळातून बोलावे, परराष्ट्र मंत्रालयाला कळवून बोलावे. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठी रंगो बापूजी लंडनला गेले ते महाराजांचे वकील म्हणून. कुणाच्या बाजूने बोलतो आहोत, हे त्यांनी लपवले नाही आणि तिथल्या संसदेत जागाही धरली नाही. म्हणून खासदारांसाठीच्या अनुच्छेद १०२ मध्ये आणि आमदारांसाठीच्या १९१ मध्ये परक्या सरकारचे पद घालावे, आणि परकीय योगदानाच्या कायद्यातल्या कलम ४ मधली सूट लोकप्रतिनिधींपुरती काढावी. तोवर, ज्या खासदाराला परक्या सरकारला सल्ला द्यायचाच आहे, त्याने आधी राजीनामा द्यावा आणि मग सल्ला हवा तितका द्यावा. उमेदवार दारात आला की त्याच्या मालमत्तेबरोबर परक्या सरकारच्या पदाबद्दलही विचारा.