विमान नको, बांधीत उतरा



धानावरील तुडतुड्यांसाठी गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून फवारणीची विमाने उडवावीत, असे आपल्या एका वाचकाने सुचवले आहे. तळमळ पटते, उपाय पटत नाही. फवारणीचे विमान टाकी भरून उडते, तेव्हाच ते सर्वांत जड असते. दमट उकाड्यात हवा विरळ, त्यामुळे उचल कमी आणि धावपट्टी जास्त लागते. अशात नाक जरा जास्त वर गेले आणि वेग मोडला, तर सावरायला खाली उंचीच नसते. म्हणून वैमानिक अशा वेळी औषध हवेतच सोडून देतात. ते कुणाच्या शेतात पडणार? उड्डाण साधले तरी पुढे विजेच्या तारा आहेतच. 18 मार्च 2023 रोजी याच बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळून दोघे गेले. ते तर फवारणीचेही नव्हते.

शिवाय तुडतुडे बसतात बुंध्याशी. वरून शिंपडलेले औषध पानांवरच राहते, उरलेले वाऱ्याने बोडीत (छोट्या तळ्यात), म्हणजे ढिवर मच्छीमारांच्या मासोळीवर.

कृषी विभागाने बांधीतले (धानाच्या शेतातले) पाणी काढणे व पट्टा पद्धतीने लावणी यांची माहिती आणि फवारणाऱ्या मजुरांना मास्क-हातमोजे एवढे तरी हंगामाआधी पोहोचवावे.

— एक धान उत्पादक, लाखनी (जि. भंडारा)