अजून न घडलेल्या माणसावर रिसर्च

गेल्या शुक्रवारी रात्री एका मित्राचा फोन आला. कॉलेजमधला मित्र. चांगली चाललेली नोकरी सोडून फिल्म करायला लागलाय. (आम्ही सगळे त्याला वेडा म्हणतो आणि मनातून त्याचा हेवा करतो.) "शनिवार-रविवार मोकळा आहेस? मिरजेला जायचंय. एका मुलीवर डॉक्युमेंटरी करतोय. एकोणीस वर्षांची आहे, ख्याल गाते. तू रिसर्चला चल."

म्हटलं, बाबा रे, मला रिसर्चमधलं काय कळतं? तर म्हणाला, "तुम्ही क्लायंटकडे जाऊन रिक्वायरमेंट गोळा करता ना, तसंच असतं."

रिक्वायरमेंट कशी गोळा होते हे त्याला माहीत नाही, म्हणून बोलला. आमच्या धंद्यात सोल्यूशन बऱ्याचदा विकून झालेलं असतं. मग क्लायंटकडे जायचं आणि त्याला नेमकं तेच हवं होतं, असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. कोयना एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर त्याने त्याचे कागद काढले आणि लक्षात आलं, पठ्ठ्याने अगदी तेच केलंय. पहिली पाच मिनिटं: पहाट, दर्गा, तंबोऱ्याची जवारी काढणारे हात. मग दोन खोल्यांचं घर. मग गुरू. मग आई. शेवटी मैफल आणि टाळ्या. सोबत चाळीस प्रश्नांची यादी. त्यातला सतरावा प्रश्न, "गाणं सोडून द्यावंसं कधी वाटलं का?" आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलेलं: इथे रडेल.

खरंच लिहिलं होतं हो.

आता मिरज म्हटल्यावर कुणालाही मोह होईल, हे मान्य. एवढ्याशा गावात किती गाणं असावं! अब्दुल करीम खाँ इथे राहिले, इथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे अजून त्यांच्या नावाने गाणी होतात. 1905 मध्ये सतरा वर्षांचा नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतल'मध्ये शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभा राहिला तो मिरजेतच. हत्यारं बनवणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे करायला घेतले, त्यांच्या पिढ्या अजून भोपळे कोरतायत, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कॅमेरा नुसता उभा केला तरी फिल्म तयार. पण माझ्या मते गडबड नेमकी इथेच होते. गाव इतकं तयार असतं, की त्यात राहणाऱ्या माणसाकडे बघायचं राहून जातं.

तर आम्ही तिच्या घरी पोचलो. "बसा की," म्हणत तिच्या आईने चहा टाकला. मित्राने यादी काढली. त्याच्या प्रश्नांतला 'संघर्ष' हा शब्द तिसऱ्यांदा आल्यावर ती मुलगी जरा चाचरत म्हणाली, "कसला संघर्ष ओ सर? सकाळी फक्त जागा मिळत नाही, एवढंच आहे."

मग आपोआप उलगडत गेलं. शेजारच्या ताई एका हॉस्पिटलात नर्स आहेत. नाइट करून सातला घरी येतात आणि झोपतात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तेव्हा अशी घरं गल्लीत तीन-चार. भाऊ साडेसहाला अभ्यासाला उठतो, आणि बसायला तीच खोली. म्हणजे पाच ते साडेसहा, एवढा वेळ हिचा. आणि रियाज ती मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर करते. मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. मिरजेत राहून ॲपवर? भिंतीला गवसणी घातलेला चांगला तंबोरा टेकून ठेवलेला दिसत होता! ती म्हणाली, "तो जुळवण्यात माझी वीस मिनिटं जातात दादा. मला मिळतात नव्वद. रविवारी काढते की."

माझ्या लेखी या एका वाक्यात चाळीस प्रश्नांपेक्षा जास्त माल आहे. आणि ते कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

परतीच्या गाडीत आमचं जोरदार भांडण झालं. मी जे तावातावाने बोललो ते इथे जरा नीट मांडतो.

म्हाताऱ्या कलाकारावर फिल्म करणं त्या मानाने सोपं. (सोपं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक, पण तरी.) तिथे शेवट माहीत असतो. काय महत्त्वाचं ठरलं ते माहीत असतं, म्हणून मागे जाऊन त्याची मुळं शोधता येतात. एकोणीस वर्षांच्या माणसाचं काय महत्त्वाचं ठरणार हे कुणालाच माहीत नाही. त्याला स्वतःलाही नाही. मग तिथे तीच पद्धत वापरून कसं चालेल?

मिरजेचंच उदाहरण घ्या. समजा, 1895 साली कुणाकडे कॅमेरा असता आणि त्याने मिरजेतल्या एका तरुण गवयावर फिल्म करायची ठरवली असती. पोरगा कुरुंदवाडचा, वय बावीस-तेवीस, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे कित्येक वर्षं शिकतोय, मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय आहे. लहानपणी शोभेच्या दारूने भाजून डोळे अधू झालेत, म्हणूनच गाण्याकडे वळवला. काय फिल्म झाली असती! अधू डोळे, कडक गुरू, दयाळू राजा. आणि सगळं खरंच. तरीही फिल्म साफ चुकली असती. कारण तो विष्णु दिगंबर पलुस्कर होता. 1896 मध्ये त्याने मिरज सोडली आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरून कुणीही शिकावं, गाणं स्वरलिपीत छापावं, गवयाने दरबाराच्या तोंडाकडे बघू नये, हे त्याचं पुढचं आयुष्य. (1931 मध्ये त्यांचं निधन झालं तेही मिरजेतच.)

म्हणजे 1895 च्या रिसर्चवाल्याने डोळ्यांबद्दल कमी विचारायला हवं होतं. गुरूंकडे तालीम किती वाजता असते, किती जण बसतात, चीज लिहून घेऊ देतात का, शिकण्याच्या बदल्यात घरकाम काय करावं लागतं, दरबारात गवयाला बसवतात कुठे, बिदागी कोण ठरवतं, हे विचारायला हवं होतं. तेव्हा या गोष्टी इतक्या रोजच्या की विचारण्यालायक वाटल्याच नसत्या. आणि पलुस्करांनी पुढे जन्मभर केलेलं काम म्हणजे नेमकी याच प्रश्नांची उत्तरं आहेत.

आमच्याकडे याला लॉग लिहिणं म्हणतात. बग कुठे येणार हे माहीत नसतं, म्हणूनच लॉग आधी लिहायचे असतात. सिस्टिम पडल्यावर "अरे, ही वेळ नोंदवायला हवी होती" म्हणून उपयोग नसतो. तरुण कलाकारावरचा रिसर्च असा हवा. महत्त्वाचं काय ते आत्ता ठरवू नका, रोजचं नीट टिपून ठेवा.

इंग्लंडमध्ये एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 1964 मध्ये 'सेव्हन अप' नावाचा कार्यक्रम झाला, सात-सात वर्षांची चौदा मुलं. ती मुलं शोधून आणणाऱ्या रिसर्चरांपैकी एक होता मायकेल ॲप्टेड. पुढे दिग्दर्शक म्हणून तो दर सात वर्षांनी त्यांच्याकडे जात राहिला, ते थेट 2019 पर्यंत, मुलं त्रेसष्ट वर्षांची होईस्तोवर. पण त्याच्याही दोन चुका झाल्या, आणि दोन्ही त्याने नंतर कबूल केल्या. एक म्हणजे चौदांत मुली फक्त चार. ही रिसर्चची चूक, कास्टिंगच्या दिवशीच झालेली, पुढे पंचावन्न वर्षं दुरुस्त करता आली नाही. दुसरी म्हणजे लंडनच्या ईस्ट एंडमधला टोनी. तो एकवीस वर्षांचा असताना ॲप्टेडला वाटलं, हा पोरगा गुन्हेगारीत जाणार. म्हणून पुढे उपयोगी पडेल अशा हिशोबाने त्याने त्याला तिथल्या बदनाम वस्तीत फिरवून शूटिंग करून ठेवलं. टोनी टॅक्सी ड्रायव्हर झाला, संसाराला लागला. आणि 'इथे रडेल' असं आमच्या साहेबांनी पहिल्या भेटीच्या आधीच लिहिलंय!

मित्र म्हणाला, मग काय, सगळंच टिपत बसू? बजेट कोण देणार?

सगळं नाही रे. पण काही गोष्टी फुकट असतात आणि कुणी करत नाही. नावांचंच बघ. हिराबाई बडोदेकर 1905 मध्ये मिरजेत जन्मल्या, पण लहानपणी त्या हिराबाई नव्हत्याच. त्या चंपाकली. त्यांचे भाऊ सुरेशबाबू माने लहानपणी अब्दुल रहमान, आणि बहीण सरस्वती राणे लहानपणी सकीना. आई ताराबाई अब्दुल करीम खाँपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावं बदलली. आज कुणी त्यांचं बालपण 'हिराबाई' या नावाने शोधायला बसला तर काय सापडणार? आपल्याकडे मुलींची नावं लग्नानंतरही बदलतात. तेव्हा शाळेतलं नाव, घरातलं नाव, परीक्षेच्या फॉर्मवरचं नाव, तिन्ही लिहून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

किंवा रेकॉर्डिंग. खाँसाहेबांचं गाणं तबकड्यांवर आहे म्हणून आपण नशीबवान, पण सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या प्रत्येक वेळी 78 च्याच वेगाने भरलेल्या नसत. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर पेटीवरच्या शेजारच्या पट्टीवर जातो. म्हणजे चुकीच्या वेगाने लावली तर आपण भलत्याच पट्टीतले खाँसाहेब ऐकत बसतो. त्या दिवशी 'सा' कुठला होता हे कुणी एका ओळीत लिहून ठेवलं असतं तर? त्यामुळे या मुलीचं प्रत्येक रेकॉर्डिंग करताना तारीख, जागा, पट्टी, साथीला कोण, आणि तंबोरा खरा की ॲपवरचा, एवढं फाइलच्या नावाशेजारी लिहायचंच. (हो, मला स्प्रेडशीट करायला आवडतात. त्याचा इथे काही संबंध नाही.)

आणि एकच प्रसंग तीन जणांना विचारायचा, वेगवेगळं बसवून. आई, गुरू, तबलजी. गुरूंवरची चरित्रं आपल्याकडे शिष्य लिहितात. पलुस्करांचं बी. आर. देवधरांनी लिहिलं, खाँसाहेबांचं कपिलेश्वरीबुवांनी. ती लिहिली गेली हे आपल्यावर उपकारच आहेत, पण शिष्य गुरूच्या खोलीत बसून लिहितो. शेजारच्या नर्सताईंना कुणी विचारत नाही.

आता खरा मुद्दा, ज्यावर माझा आवाज चढला. मित्राकडे एक पानी संमतिपत्र होतं, तिची सही घ्यायला आणलेलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क आहे. पण एकदा तिने फिल्मसाठी लेखी होकार दिला, की करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर निर्मात्याने त्या फिल्ममध्ये तो हक्क वापरण्याला तिला हरकत घेता येत नाही. व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क तेवढा राहतो. हे तिला ठाऊक नव्हतं. मित्रालाही नव्हतं, त्याने तो फॉर्म कुठूनतरी उतरवला होता. ती एवढंच म्हणाली, "हे नेटवर किती वर्षं राहील ओ? मी बँकेची परीक्षा देणार आहे पुढच्या वर्षी."

मित्राला धक्का बसला तो बँकेचा. म्हणजे गाणं सोडणार? मग फिल्मचं काय?

मी एकदम वर्तमानपत्राच्या त्या कात्रणात जाऊन पोचलो. मी दहा वर्षांचा असताना आमच्या गावच्या पेपरात माझा फोटो आला होता. 'बालतबलावादक'. बातमीदाराने विचारलं होतं, मोठेपणी झाकीर हुसेन होणार का? मी हो म्हणालो. दहा वर्षांचा पोरगा दुसरं काय म्हणणार? बारावीत तबला सुटला. खरं सांगतो, त्याचं मला फारसं दुःख नाही, मला कोड लिहायला मनापासून आवडतं. पण आजही एकही लग्न असं जात नाही जिथे कुणी काका "काय, अजून वाजवतोस का?" विचारत नाहीत. नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी गेली वीसेक वर्षं बघतोय. ते कात्रण पेपराच्या रद्दीत गेलं, आईच्या फाइलीत एकच प्रत उरली. त्याच फाइलीत माझं प्रवेशिकेचं प्रमाणपत्रही आहे, गांधर्व मंडळाचं, ज्यांचं मुख्य कार्यालय मिरजेतच. हिच्या बाबतीत रद्दी नाही. सर्च केलं की दर वेळी समोर.

म्हणून माझं म्हणणं, संमती हाही रिसर्चचाच भाग आहे. ती शूटिंगच्या दिवशी चहाच्या कपाशेजारी ठेवून घ्यायची गोष्ट नाही. पहिल्या दोन-तीन भेटी कॅमेऱ्याशिवाय. मग करार, तिच्या भाषेत, तिच्या घरच्या कुणीतरी शांतपणे वाचलेला. त्यात लिहायचं, की फिल्म बाहेर पडण्याआधी ती बघेल आणि तिला नको असलेला भाग निघेल. मित्राला हे पटत नाही. विषयाला एडिटिंगमध्ये बसवलं की फिल्म जाहिरात होते, असं त्याचं मत, आणि त्यात तथ्य आहे हे मलाही कळतं. पण ज्याचा शेवट अजून व्हायचाय त्याचा शेवट आपण लिहून टाकायचा, हे जाहिरातीपेक्षा बरं कसं?

साताऱ्याच्या आसपास कधीतरी आम्ही दोघंही गप्प झालो.

काल त्याचा मेसेज आला. चाळीस प्रश्नांची यादी फाडली असं काही नाही, सव्वीसवर आणलीय. सतरावा गेला. सही अजून घेतलेली नाही. पुढच्या महिन्यात परत जाणार, रविवारी, ती तंबोरा काढते तेव्हा. आणि तिने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितलीय: त्या दिवशी आम्ही फोनवर जे रेकॉर्ड केलं, ते पेन ड्राइव्हवर द्या. तार षड्जाला तिचा आवाज कुठे चिरतो ते तिला ऐकायचंय.

मी फाइलला नाव दिलंय. तारीख, मिरज, काळी पाच, ॲप.