दुसरा केसपेपर

आषाढ अमावास्येला घरातल्या समया, निरांजनं, लामणदिवे खाली उतरतात. चिंचेने घासून लखलखीत होतात, पाटावर मांडले जातात, कणकेचे गोड दिवे उकडले जातात. ही दिव्यांची अवस. त्याच संध्याकाळी पुरुषांची गटारी असते. ज्या घरात दारूने मुक्काम ठोकला आहे, तिथली बाई दिवे पुसता पुसता मनाशी हिशोब मांडत असते. आजची रात्र निभावली की उद्यापासून श्रावण. गेल्या वर्षी यांनी महिनाभर शिवलीसुद्धा नव्हती. म्हणजे मनावर घेतलं तर सुटते.

या हिशोबात अनेक घरांची वर्षंच्या वर्षं जातात. श्रावण पाळला जातो, गणपतीही निभतात, मग एक दिवस बाटली परत येते. घरच्यांना वाटतं, माणूस मुद्दाम करतोय. कुणी गळ्यात माळ घालायला लावतं, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतं. माळेने सावरलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांचं मोल कमी नाही. पण रोज सकाळी हात थरथरल्याशिवाय ज्याला चहाची बशी धरता येत नाही, त्याचं शरीर दारूवर अवलंबून झालेलं असतं. त्याने एका रात्रीत थांबायचं ठरवलं, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलावतात. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलं. ही वैद्यकीय आणीबाणी आहे, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेतते. रुग्णालयात योग्य औषधं आणि थायमिन दिलं, तर हेच चार-पाच दिवस सुखरूप पार पडतात.

तरीही दवाखान्याची पायरी फार थोडे चढतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. दारूमुळे ज्यांचं आयुष्य अडचणीत आलं आहे, असे सुमारे 5.7 कोटी लोक देशात असल्याचा त्याचा अंदाज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर 38 जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेणारा तर 180 जणांमागे एक.

उरलेल्या 37 जणांच्या घरी काय चालतं? तिथे बायको नवऱ्याच्या कचेरीत फोन करून ताप आल्याचं सांगते. आई पेन्शनमधून मुलाची गुत्त्यावरची उधारी भागवते. बहीण भाऊबीजेला आलेली असताना बाटल्या मोजते. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सकाळी बाकावर बसलेली बाई पुष्कळदा एकटीच असते. “पेशंट कुठंय?” असं खिडकीतून विचारलं जातं. “ते यायला तयार नाहीत,” ती सांगते. “मग त्यांना घेऊन या.” केसपेपर निघत नाही, ती परत जाते. झोप उडालेली, छातीत धडधड, वजन उतरलेलं, पोरांवर विनाकारण हात उगारला जातो म्हणून रात्री रडू येतं, हे सगळं तिचं तिच्याजवळच राहतं.

या स्तंभाची मागणी साधी आहे: तिचाही केसपेपर निघाला पाहिजे. तो आधी निघाला तर तिच्या घरच्या माणसाचा निघण्याची शक्यता वाढते, याला पुरावा आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांना साफ नकार देणाऱ्या व्यसनी माणसांचे 130 जवळचे नातेवाईक त्यांनी निवडले आणि त्यांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मदत केली. सगळ्यांनी मिळून माणसाला अचानक समोर बसवून जाब विचारायची तयारी ज्यांच्याकडून करून घेतली, त्यांच्यापैकी 30 टक्क्यांच्या घरचा माणूस उपचारांना आला. ज्या नातेवाइकांना ‘क्राफ्ट’ नावाच्या पद्धतीने शिकवलं, त्यांच्या घरचे 64 टक्के आले. अल-अ‍ॅनॉन या नातेवाइकांच्या स्वमदत गटाच्या वाटेने 13 टक्के. अर्थात माणसाला दवाखान्यात आणणं हा त्या गटाचा हेतूच नाही. तिन्ही वाटांनी गेलेल्या नातेवाइकांचा स्वतःचा मानसिक त्रास मात्र सारखाच कमी झाला.

‘क्राफ्ट’मध्ये शिकवतात त्या गोष्टी रोजच्या आहेत. मारहाणीचा धोका असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सोय. माणूस न पिता घरी आला, तर त्या संध्याकाळी जुनी भांडणं काढायची नाहीत, आवडीचं जेवण करायचं, बरोबर बसायचं. पिऊन आला, तर वाद न घालता बाजूला व्हायचं. त्याने केलेला पसारा त्यालाच निस्तरू द्यायचा. साहेबांना खोटा फोन करायचा नाही. उपचारांचा विषय माणूस शुद्धीत आणि वरमलेला असतानाच काढायचा, आणि डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवायची, म्हणजे ‘बरं, जाऊ’ असं म्हटल्यावर महिनाभर थांबावं लागत नाही.

याच्या अगदी उलट एक उपाय घरोघर गुपचूप चालतो. कुणीतरी गोळी आणून देतं, ती वरणात नाहीतर चहात मिसळली जाते. बहुधा ती डायसल्फिरामची असते. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावू शकतो. हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाच्या संमतीने, घरच्यांच्या समोर रोज सकाळी घेतलं तर अनेकांना साथ देतं. चोरून दिल्याने जिवाला धोका होतो, आणि कळल्यावर घरात उरलेला विश्वासही जातो.

घरच्यांनाही मदत लागते, ही समज महाराष्ट्राला नवी नाही. 1980च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द या मादक पदार्थाने थैमान घातलं, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसवली. इथे येणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे कार्यकर्ते होऊन नव्यांना हात देतात. पस्तीस दिवसांच्या उपचारांइतकंच मोलाचं आहे ते व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी चालणारं ‘सहचरी’. तिथे बाई नवऱ्याची तक्रार घेऊन येते आणि हळूहळू स्वतःबद्दल बोलू लागते. आपल्यामुळे तो पितो, हे वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य तिच्या मनातून निघून जायला वेळ लागतो. शेजारच्या खुर्चीवरची बाई तेच सांगते तेव्हा ते निघायला लागतं.

अल-अ‍ॅनॉनचं कामही असंच चालतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी 1951 मध्ये ते अमेरिकेत सुरू केलं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, नवरा पीत असला तरी यायला हरकत नाही. मराठीतून शेअरिंग होणारे गट महाराष्ट्रात आहेत.

माणूस तयार झालाच, तर केंद्र निवडताना घाई नको. ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो’ असं फोनवर सांगणाऱ्याला तिथेच नकार द्यावा. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित आजार येतात. त्यामुळे केंद्र नोंदणीकृत आहे का, हे विचारायचा घरच्यांना हक्क आहे. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, औषधं कोण देतं, आठवड्यातून किती वेळा भेटता येतं, कुटुंबाची बैठक होते का, घरी गेल्यावर पाठपुरावा कसा असतो, हे प्रश्न दाराशीच विचारावेत. जिथे भेटू देत नाहीत तिथे माणूस ठेवू नये. सल्ल्यासाठी 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि 14416 ही टेलिमानस आहे. दोन्हीकडे नातेवाइकांनीही फोन करावा. हात उगारला जात असेल तर महिलांसाठी 181.

घरी परतल्यावर स्लिप होऊ शकते, म्हणजे माणूस पुन्हा पिऊ शकतो. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कुणी त्याचे उपचार बंद करत नाही. इथे मात्र ‘पैसे फुकट गेले’ म्हणून दार बंद होतं. स्लिप झाल्याच्या दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला फोन जातो की नाही, यावर पुढचं बरंच काही ठरतं, आणि तो फोन बहुतेकदा घरातलंच कुणीतरी करतं.

हे सगळं मोठ्या शहरापुरतं राहायला नको. शेजारच्या गोव्यात ‘संगात’ या संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये प्रयोग केला. घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवरचा हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. थोडं प्रशिक्षण घेतलेले, डॉक्टर नसलेले समुपदेशक प्रत्येकाशी एक ते चार वेळा बोलायला बसले. तीन महिन्यांनी 36 टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 26 टक्के होतं. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला मिळणार नाही, पण समुपदेशक नक्की मिळू शकतो. महाराष्ट्राने आपल्या आरोग्य केंद्रांत असा माणूस नेमावा, आणि त्याच्या कामात बायको, आई, बहीण यांच्यासाठी आठवड्याचा एक दिवस लिहून ठेवावा.

त्या दिवशी खिडकीतून “पेशंट कुठंय?” असं विचारलं जाईल तेव्हा बाकावरची बाई स्वतःचं नाव सांगेल. वय, गाव, तक्रार: झोप येत नाही. कारकुनाने एवढं लिहून तिच्या हातात कागद द्यावा.