मोत्याचा धडा आणि मोत्याचा खेळ

यंदाच्या उन्हाळ्यांत आमच्या कारेगांवच्या घरांत एक खटला चालला. आरोपी नऊ महिन्यांचा, पिवळसर रंगाचा, लॅब्राडोर जातीचा, नांव मोत्या. धाकट्या पुतण्यानें रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत बढती मिळाल्याच्या आनंदांत त्याला आणलें होतें. आरोप असा कीं, नातवानें फेंकलेल्या चेंडूमागें धांवतांना तो तुळशीपाशीं उभ्या असलेल्या आईच्या पायांवर आदळला. आई त्र्याऐंशी वर्षांची. मनगटाचें हाड मोडलें आणि सहा आठवडे हात गळ्यांत अडकवून बसावें लागलें. वहिनींनीं निकाल देऊन टाकला, "शेतावर पाठवून द्या त्याला. गड्यापाशीं राहील."

आतां शिरूर तालुक्यांत उसाच्या शेतावर कुत्रें ठेवणें म्हणजे काय, हें इकडच्या वाचकांस सांगावयास नको. दूरच्या वाचकांसाठीं सांगतों. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत धरणांचें पाणी आलें, ऊस वाढला, आणि त्या उसांत बिबट्यानें संसार थाटला. त्याचीं पिलेंहि तेथेंच जन्मतात. कुत्रें हें त्याचें हातासरशीं मिळणारें भक्ष्य. २०२५ सालच्या दिवाळीच्या आगेंमागें पिंपरखेड-जांबूतकडे तर माणसेंहि बळी गेलीं. रात्रीं बांधलेल्या कुत्र्याची सकाळीं नुसती सांखळी सांपडते, हा पुष्कळांचा अनुभव. तेव्हां वहिनींच्या निकालाचा अर्थ बारा वर्षांच्या नातवाला कोणीं फोड करून सांगावा लागला नाहीं. तो दोन दिवस धड जेवला नाहीं.

अखेर आईनेंच दोन महिन्यांची मुदत दिली. तिला घरांत कुत्रें कधींच पसंत नव्हतें. स्वयंपाकघराचा उंबरा मोत्यानें ओलांडूं नये हा नियमहि तिचाच. पण ज्या घरांत वैश्वदेवाच्या वेळीं कुत्र्याचा घास बाजूस काढला जाई, त्या घरानें कुत्रें मरावयास धाडावें, हें तिला पटेना.

शिकविण्याचें काम साहजिकच माझ्याकडे आलें. पस्तीस वर्षें मास्तरकी केलेला मी मनुष्य. प्रथम वेळापत्रक आंखलें. सकाळीं अर्धा तास, संध्याकाळीं अर्धा तास. चेंडू जप्त. पुण्याहून लाकडी डंबेल आणविलें, आणि 'बस, थांब, आण, धर, सोड' असा अभ्यासक्रम सुरू केला. नातवास ताकीद दिली कीं, परीक्षा होईपर्यंत खेळ बंद.

चार दिवस विद्यार्थी उत्तम वागला. आठव्या दिवशीं तो डंबेलापर्यंत गेला, तें हुंगलें, आणि शेजारीं पोट वर करून खुशाल लोळूं लागला. मी ओरडलों. त्याबरोबर त्यानें डंबेल उचललें आणि परसांत धूम ठोकली. मी त्याच्या मागें! केळींभोंवतीं आमच्या चार प्रदक्षिणा झाल्या आणि त्या शेजारच्या दोन गच्च्यांनीं पाहिल्या. त्या दिवशीं एक गोष्ट मात्र मीं त्याला पक्की शिकविली : वस्तु तोंडांत धरून पळालें कीं मास्तर खेळावयास येतात.

दुसरीकडे नातवाची चोरटी शाळा चालूच होती. मी दुपारीं लवंडलों कीं मागल्या दारीं चेंडू फेंकणें सुरू. तीस वेळां, चाळीस वेळां, कुत्र्याची जीभ हातभर बाहेर येईपर्यंत. मग संध्याकाळभर मोत्या धापा टाकीत घरभर भिरभिरे, पदर ओढी, आणि बसवल्या जागीं बसेना. आम्हां दोघांनाहि वाटे कीं चूक दुसऱ्याची आहे.

वास्तविक हें जनावर 'आणून देण्यासाठीं'च घडविलेलें. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या पाणकुत्र्यांपासून ही जात निघाली आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-स्कॉटलंडांत शिकाऱ्यांनीं ती पाडलेलीं पाखरें आणण्यासाठीं जोपासली. आपल्या सोलापूर-कोल्हापूरकडील सडपातळ कारवानी कुत्र्याचा धर्म निराळा. तें नजरेनें सावज हेरून धांवतें. आमच्या देशांत १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीला आळा बसला. तेव्हां कारेगांवच्या लॅब्राडोरास पाखरें कोठलीं? त्याची सगळी भूक चेंडूवर. उचलणें व धांवणें त्याच्या रक्तांत आहे. थांबणें आणि हातांत देणें तेवढें शिकवावें लागतें. मी मात्र त्याला येत होतें तेंच शिकवून कंटाळा आणीत होतों.

जुन्या पद्धतीचे शिक्षक सक्तीचे पुरस्कर्ते होते. १९१० सालीं कोनराड मोस्ट या जर्मन गृहस्थानें श्वानशिक्षणावर लिहिलेला ग्रंथ पुष्कळ वर्षें प्रमाण मानला गेला. त्यांत सक्तीला मोठें स्थान आहे. अलीकडील प्रयोग मात्र वेगळें सांगतात, आणि त्यांतले दोन आमच्या खटल्यास थेट लागू पडले. २०१५ मध्यें अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनीं पारदर्शक अडथळ्याच्या पलीकडे खाऊ घेऊन माणूस उभा केला. कुत्र्यानें सरळ धडक न देतां वळसा घालून यावें अशी अपेक्षा. बोलावणारा कधीं शांतपणें बोलावी, कधीं उत्साहानें. अपंगांच्या मदतीसाठीं तयार केलेल्या शांत कुत्र्यांस उत्साहाचा आवाज उपकारक ठरला. घरगुती, मुळांत उतावळ्या कुत्र्यांचा मात्र त्यानें अधिकच गोंधळ उडाला. दुसरा प्रयोग इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठाचा, २०१७ चा. सोळा लॅब्राडोरांना दोन वस्तूंमधील फरक ओळखावयास शिकविलें. धडा संपल्यावर निम्म्यांना अर्धा तास फिरविलें व खेळविलें, निम्म्यांना पडूं दिलें. दुसऱ्या दिवशीं खेळलेल्यांनीं तोच धडा सरासरी २६ प्रयत्नांत पुरा केला; पडून राहिलेल्यांस ४३ लागले. कुत्रीं थोडींच होतीं, म्हणून एवढ्यावरून फार मोठा सिद्धांत बांधूं नये. पण मीं खेळ बंद केला होता आणि नातू तो भलत्या वेळीं उरकीत होता, एवढें त्यावरून मला उमगलें.

आणि पुण्याचें उदाहरण तर घरचेंच. मुंबई पोलिसांचा झंजीर, तोहि लॅब्राडोरच, शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रांत शिकला. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळीं त्यानें ३,३२९ किलो आर.डी.एक्स. हुडकून दिलें; २००० सालीं तो वारला. अशा कामाच्या कुत्र्यांना मोबदला काय मिळतो? बहुतेक ठिकाणीं एक चेंडू, नाहीं तर दोरीची ओढाताण. एवढ्या गंभीर कामाचा पगार खेळांत चुकवितात, आणि मी एका डंबेलासाठीं खेळावर बहिष्कार घालून बसलों होतों!

मग आजा-नातवाचा तह झाला. धडा माझा, तीन मिनिटांचा. फेंक फक्त तीन. सकाळीं सातच्या आंत, कारण आमच्याकडे एप्रिलांत नऊ वाजतां फरशीवर हात ठेववत नाहीं, आणि ज्या जमिनीवर आपला तळहात टिकत नाहीं तिच्यावर कुत्र्यास धांवडवूं नये. संध्याकाळीं अंधार पडण्यापूर्वीं घरांत. बिबट्यास वेळापत्रक नसतें. डंबेल उंच न फेंकतां जमिनीलगत सोडावयाचें, कारण वाढत्या सांध्यांस उड्या बाधतात. मोत्याच्या गळपट्ट्यांत बोट घालून मी मुकाट्यानें वाट पाहीं. त्याचा श्वास उतरला, नजर माझ्याकडे वळली, कीं हलक्या आवाजांत 'आण'. तो परत येऊं लागला कीं मी पुढें न जातां मागें सरकें. मग पाठलाग त्यानेंच करावयाचा. तळहात हनुवटीखालीं, 'सोड', आणि भाकरीचा किंवा उकडलेल्या गाजराचा तुकडा. (वहिनी आरंभीं प्रसादाचे बेदाणे देत. द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास अपाय करतात, हें घरोघरीं ठाऊक असावें.) ज्यांचें पिलूं चार ते सहा महिन्यांचें असेल त्यांनीं धरून ठेवण्याची सक्ती करूंच नये, तेव्हां दांत पडत असतात आणि हिरड्या दुखतात.

तिसरी वस्तु हातांत आली कीं लगेच नातवाची हांक. खेळ त्याचा, दहा मिनिटांचा. दोन सारखे चेंडू. तोंडांतला टाकल्याशिवाय दुसरा फेंकला जात नाहीं. दोरीची ओढाताणहि चाले, पण 'सोड' म्हटल्यावर सोडलें तरच पुन्हां. अंगावर उडी मारली किंवा वस्तु घेऊन पळाला, तर दोघेहि घरांत जाऊन दार लावून घेत. हा उपाय मला माझ्या साऱ्या ओरडण्याहून परिणामकारक वाटला. शेवटीं पाणी, आणि पडवींतल्या पोत्यावर विसावा.

पंधरवड्यांत फरक दिसूं लागला. मधें दोन दिवस सगळें विसरला. पुतण्याचे मित्र आले त्या दिवशीं तर पुन्हां केळींभोंवतीं प्रदक्षिणा झाल्या, पण या खेपेस मी ओट्यावर बसून राहिलों. दुधवाल्याच्या फटफटीपुढें अद्याप कोणतीच विद्या चालत नाहीं.

मुदत संपावयास चार दिवस होते. आई ओट्यावर बसली होती आणि तिची काठी पायरीवरून घरंगळत अंगणांत गेली. मोत्या उठला. आम्ही सारे जागच्या जागीं थिजलों. नातवानें तर डोळेच मिटले. मोत्यानें काठी मधोमध उचलली, ती दोन पायऱ्यांना अडखळली, आणि आईपासून हातभर अंतरावर येऊन तो बसला. काठी तोंडांत तशीच. आईनें त्याच्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे.

"काय म्हणायचें असतें याला?"

"सोड," नातू म्हणाला.

"सोड रे बाबा," आई म्हणाली, आणि काठी हातांत घेऊन लागलीच वहिनींना हांक मारली, "अगो, ही आधीं धुवून आण. लाळ लागली आहे सगळी."