देवळालीचा ताप, आमचा ताप

साहेबाचं डोकं फिरलं तर त्याला डिक्शनरीत जागा मिळते. नाशिकशेजारच्या देवळालीत इंग्रजांचा लष्करी तळ होता. मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथं विलायतेच्या बोटीची वाट बघत पडून राहायचे, चळायचे. त्यावरून इंग्रजीत शब्दच झाला : 'डूलाली टॅप'. देवळालीचा ताप. मी गोदीत राबतो. बोट लांबली की आमची चूल विझते. त्या तापाला कुठल्या कोशात शब्द आहे?

पुढे अमेरिकेचे सैनिक व्हिएतनाममध्ये माणसं मारून, मरताना बघून घरी आले. झोपेत किंचाळू लागले. १९८० साली डॉक्टरांच्या पोथीत आजाराचं नाव आलं : आघातोत्तर ताण. झालेलं पुन्हा डोळ्यांपुढं घडतं, ती वाट नको वाटते, जरा खुट्ट झालं की दचकायला होतं. कुणाला हे सहा महिन्यांनी सुरू होतं. खरंय सगळं.

पण 'उत्तर' म्हणजे नंतर. आमचं 'नंतर' कधी सुरू होतं?

१९३० च्या रामनवमीला काळारामाच्या रथापाशी आमच्यावर दगड पडले. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावात चिमुरडीवर अत्याचाराच्या प्रयत्नाचा आरोप एका दलित पोरावर आला. त्याला कोर्ट आहे ना? तरी गावोगावच्या आमच्या वस्त्यांवर जमाव चालून गेले. घरं फोडली, गाड्या जाळल्या. आता दार फोडणारा रोज वाटेत भेटतो, त्याच्याच द्राक्षबागेत मजुरीला जायचं. अशा बाईला डॉक्टर सांगणार, धोका टळलाय, दीर्घ श्वास घ्या! अरे, तिचं दचकणं हा आजार की शहाणपण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत दुसरा प्रकार आहे : गुंतागुंतीचा. पुन्हापुन्हा, सुटका नसलेल्या जागी बसलेले घाव. राग आवरत नाही, माणूस स्वतःला कवडीमोल समजतो, जवळच्यांपासून तुटतो. वाचताना आपल्या चाळीतली माणसं दिसली मला. उदाहरणांत छळ आहे, गुलामगिरी आहे, वंशसंहार आहे. जात नाही!

आणि दोस्तहो, आपणही कमी नाही. मोर्च्यात पोराला सांगतो, छाती काढून चाल. तोच रात्री ढोसून बायकोला बडवतो, तर म्हणतो, तापट आहे जरा. घरातली मारहाण त्या यादीत आहे, बरं का. तिचा घाव तरी मोजा.

पंचनाम्यात फुटलेली भांडी येतात, टाके येतात. उडालेली झोप येत नाही. पुढच्या वेळी वस्तीवर जाताना वकिलाबरोबर मनाचा डॉक्टरही न्या. जबाबात बाईची झोप लिहायला लावा, तारखेसकट. फौजदार म्हणेल, रकाना नाही. समासात लिही म्हणावं, आणि खाली सही कर.