रेनिन, गर्भस्थ वृक्क आणि आपले उत्तरदायित्व

रक्तदाबाच्या चर्चेत 'रेनिन' हे नाव आले की ते बहुधा दोषी म्हणूनच येते. वृक्कातून स्रवणाऱ्या या प्रथिनामुळे रक्तात अँजिओटेन्सिन निर्माण होते, धमन्या आकुंचन पावतात, मीठ व पाणी शरीरात साठते आणि दाब चढतो. १८९८ साली टिगरस्टेट व बर्गमन यांनी स्टॉकहोम येथे सशाच्या वृक्काच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे दाखविले, तेव्हापासून रेनिनची ओळख हीच राहिली आहे. ही ओळख खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि गर्भिणीच्या बाबतीत हे अपुरेपण घातक ठरू शकते.

गर्भावस्थेत रेनिनचे कार्य निराळे असते. प्रौढ वृक्कात रेनिन निर्माण करणाऱ्या पेशी केशिकागुच्छाच्या मुखाशी मोजक्याच आढळतात. गर्भाच्या वृक्कात मात्र त्या धमन्यांच्या भित्तींमध्ये दूरवर पसरलेल्या असतात. धमनीला शाखा फुटाव्यात, त्या शाखांनी वृक्काच्या बाह्य भागापर्यंत पोहोचावे आणि भित्ती सुघटित व्हावी, या कार्यात त्यांचा आणि अँजिओटेन्सिनचा सहभाग असतो. नवजात उंदरांमध्ये ही साखळी औषधाने रोखली असता धमन्यांना शाखा कमी फुटतात, भित्ती जाड होते आणि वृक्काची रचना कायमची सदोष राहते.

मनुष्यातही याचे प्रमाण आहे. या साखळीतील जनुके जन्मतःच निकामी असणाऱ्या अर्भकांच्या वृक्कनलिका नीट घडत नाहीत, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. गर्भिणीने चौथ्या महिन्यानंतर एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे घेतल्यास हाच प्रकार घडू शकतो. गर्भाचे मूत्र कमी होते, त्यामुळे गर्भोदक आटते, फुप्फुसांची वाढ खुंटते आणि जन्मानंतर बाळाला मूत्रप्रवृत्तीच न होण्याचा धोका असतो. वृक्काची सूक्ष्म एकके सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. त्यानंतर नवे एकक जन्माला येत नाही. जे उणे राहिले ते आयुष्यभर उणेच राहते.

सुश्रुताचार्यांनी वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या प्रसादभागापासून सांगितली आहे. त्यावरून 'रेनिन आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणण्याचा मोह अनेकांना होईल. तसे म्हणणे आचार्यांवर अन्यायकारक आणि शास्त्रालाही अमान्य आहे. अवयवाचे बल गर्भातच ठरते, म्हणून गर्भिणीला अत्यंत जपावे, हा त्यांचा उपदेश मात्र आजच्या ज्ञानाने अधिकच दृढ होतो.

तो पाळायचा तर प्रथम आपल्याच औषधांकडे पाहावे लागेल. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाने तो स्वीकारला. याचा अभिमान आपल्याला असावाच. परंतु 'गोळी नको, सर्पगंधा घ्या' हा सल्ला गर्भिणीस देणे योग्य नव्हे. तिच्यातील रेसर्पिन अपरेतून गर्भापर्यंत जाते आणि नवजाताचे नाक चोंदणे, सुस्ती, दूध न ओढणे अशी लक्षणे उत्पन्न करू शकते. यष्टिमधूचेही तसेच. सुश्रुतोक्त मासानुमासिक योगांत मधुक आरंभीच येते. पण अधिक मात्रेत वा दीर्घकाळ दिल्यास ते शरीरात मीठ साठवते, पोटॅशियम घटविते, रक्तदाब वाढविते आणि रेनिन दाबते. ज्या गर्भिणीचा दाब आधीच चढलेला आहे, तिला ते देताना थांबून विचार करावयास हवा.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हा विचार अधिक निकडीचा आहे. येथील अनेक मुली मुंबईत नांदतात आणि बाळंतपणासाठी माहेरी येतात. चिठ्ठी मुंबईच्या डॉक्टरांची, गोळ्या तिथल्याच आणि गावात पहिली गाठ पडते ती वैद्याशी. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातील किशोरींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे; आईचे पोषण आणि पुढच्या पिढीचे आरोग्य यांचे नाते त्यामागे आहे. कमी वजनाच्या बाळात वृक्काची एकके कमी असतात आणि त्यातून प्रौढपणी रक्तदाब उद्भवू शकतो, हा विचार ब्रेनर यांनी १९८८ साली मांडला होता. म्हणजे आज आपण तपासतो त्या काही रुग्णांच्या व्याधीचे बीज त्यांच्या मातेच्या उदरातच पडलेले असू शकते.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना नम्र सूचना कराव्याशा वाटतात. प्रजननक्षम वयातील प्रत्येक रक्तदाबाच्या स्त्रीला मासिक पाळीचा दिनांक विचारावा आणि गोळ्यांची पाकिटे स्वतः पाहावीत. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असेल आणि गर्भधारणेची शंका असेल, तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. गोळी केवळ बंद करून तिला घरी धाडू नये. अनियंत्रित दाब माता व गर्भ दोघांनाही मारक ठरतो. मेथिलडोपा, लॅबेटालॉल, निफेडिपिन हे पर्याय उपलब्ध आहेत आणि त्यांची निवड तज्ज्ञांनी करावयाची आहे.

याउलट, हे वाचून मधुमेही वा हृद्रोगी वृद्धाची हीच गोळी कोणी थांबवू नये. दीर्घकाळच्या वापराने वृक्कातील सूक्ष्म धमन्यांच्या भित्ती जाड होतात, असे २०२१ मधील एका संशोधनात उंदरांत व मनुष्यांतही दिसले आहे आणि त्याचा अभ्यास पुढे व्हावयास हवा. परंतु अशा रुग्णांचे हृदय व वृक्क या औषधांनी राखले जाते, हे मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेले आहे. एकच द्रव्य देश, काल, वय व अवस्था यांनुसार हितकर वा अहितकर ठरते, हे आपल्या शास्त्राचे पहिले पाठ आहेत. ते केवळ वनस्पतींनाच लागू आहेत असे समजण्याचे कारण नाही.